गोठ्याचं मुक्कामघर: सोलापूरकडच्या वस्तीवर हे काम कसं करावं

आमच्या वस्तीवर बैलं होती तोवर गोठा गोठा होता. ट्रॅक्टर आला, शेवटची खिल्लार जोडी गेली आणि बत्तीस बाय चौदाची ती माळवदाची, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताची, इमारत मोडक्या कोळप्यांनी, खताच्या रिकाम्या पोत्यांनी आणि उंदरांनी भरून गेली. तिथं पाहुणे ठेवायचे म्हटल्यावर आई म्हणाली, "आरं, माणसं निजवायची व्हय गोठ्यात?" मी हसून वेळ मारून नेली. पुढं पहिला फावडा मारल्यावर कळलं, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

हे काम कॅलेंडरवर नाही, नक्षत्रांवर आखायचं. आपल्याकडं वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. म्हणून रब्बी निघाली की मार्चमध्ये उकराउकर, मृगाच्या आधी छत, उत्तरा-हस्ताच्या पावसात छताची परीक्षा, दिवाळीनंतर आतलं काम आणि हुरड्याला पहिला पाहुणा. यात घाई केली की एक पावसाळा वाया जातो. माझा गेला.

आधी इमारत पारखा, मग खर्चाचा आकडा काढा

दावणीला अजून जनावरं असतील तर पहिलं काम त्यांचा नवा निवारा. पाहुण्यांसाठी गाय उघड्यावर बांधली तर घरातलीच माणसं बोलतील आणि बरोबरच बोलतील. नवा गोठा मुक्कामाच्या खोलीपासून शंभरेक फुटांवर असावा. पोरांना वासरू दिसेल इतका जवळ आणि गोमाश्या येणार नाहीत इतका लांब.

दुसरं, पाणी कुठवर येतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या कितीतरी वस्त्या पाण्यात होत्या. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्येही असाच धुमाकूळ झाला होता. ओढ्याकाठचा गोठा कितीही देखणा असो, तिथं माणसं झोपवू नका.

तिसरं, भिंतीच्या भेगा. आपली काळी माती उन्हाळ्यात तडकते, भेगेत हात जाईल इतकी, आणि पावसात फुगते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंतही तिच्यासोबत हलते. कुठली भेग जुनी-मेलेली आणि कुठली जिवंत, हे ओळखायची सोपी रीत आहे. भेगेवर आडवा सिमेंटचा ठिपका द्या, ओला असतानाच खिळ्यानं तारीख कोरा आणि एक पावसाळा जाऊ द्या. ठिपका तडकला तर भेग जिवंत. तिथं रंगरंगोटी करण्याआधी पायाचं बघावं लागेल. आमच्या गोठ्यात पाच ठिपके दिले, एक तडकला. ओढ्याकडच्या कोपऱ्यातला.

लाकूड ठोकून बघा. चांगली तुळई ठणकन बोलते. वाळवीनं पोखरलेली थपथप वाजते आणि स्क्रूड्रायव्हर दाबला की लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी तपासा. ओल तिथं साठते, कुजायला सुरुवात तिथूनच होते.

कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण पहिल्या पाहुण्याच्या आधी उरकलेलं बरं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडं केंद्राची नोंदणी होते. धोरणात पहिल्या नोंदणीचं शुल्क २,५०० रुपये आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचं १,००० रुपये ठेवलेलं आहे. सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, वीजबिल ही चळत तयार ठेवा. जेवण देणार असाल, आणि देणारच, तर अन्न परवान्याची नोंदणी वेगळी. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घ्या आणि जागेच्या वापराबद्दल तलाठ्याशी बोलून घ्या. सातबाऱ्यावर भावांची, बहिणींची नावं असतील तर त्यांची लेखी संमती आधी. धंदा चालायला लागल्यावर ती मागितली की भाव वाढतो.

पाहुण्यांचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून ठेवा, ओळखपत्राच्या प्रतीसकट. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. पंढरीच्या वारीत आणि हंपीच्या वाटेवर असे पाहुणे कधीकधी येतात.

जमीन उकरा: खरं काम इथं आहे

बहुतेक जण छतापासून सुरुवात करतात. मीही केली, आणि चुकलो. गोठ्याचा खरा प्रश्न पायाखाली असतो. तीस-चाळीस वर्षं जनावरांचं मूत त्या जमिनीत मुरलेलं असतं. वरून शहाबादी फरशी टाकली की हिवाळ्यात काही कळत नाही. पहिला पाऊस पडून हवेत ओल आली की फरशीच्या सांध्यांतून नाकात झिणझिण्या आणणारा वास वर येतो. कापूर, उदबत्ती, शहरातून आणलेली सुवासिक तेलं, सगळं करून बघितलं. वास उदबत्तीला दाद देत नाही.

उपाय एकच. दावणीची जागा आणि मूत वाहून जायची नाळ दीड-दोन फूट खोल उकरायची. रंग बघत जा. वरची माती काळपट-हिरवट आणि तेलकट दिसते. खाली नेहमीच्या रंगाची, नेहमीच्या वासाची माती लागेपर्यंत थांबायचं नाही. मूठभर माती ओली करून डबीत बंद करा, तासाभरानं उघडून वास घ्या. निघालेली माती फेकू नका, ते खतच आहे. शेणखतात मिसळून, कुजवून मग बागेला घाला. थेट डाळिंबाच्या बुडाला घालाल तर झाड करपेल.

खड्डा भरताना तळाला मुरूम, धुम्मस मारून घट्ट. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद भिंतीवर वीतभर चढवून, त्यावर वाळू आणि मग फरशी. शहाबादी लादीच घ्या. आपल्याकडं ती सहज मिळते, उन्हाळ्यात थंड राहते आणि चिखलाचे पाय पुसता येतात. गुळगुळीत चकचकीत टाइल गोठ्यात उपरी दिसते.

मग येतो लोणा. गव्हाणीच्या उंचीपर्यंत भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखी पूड दिसते, बोटानं खरवडली की झडते. मुतातले क्षार भिंतीत चढलेले असतात. ओल वाळताना ते पृष्ठभागावर येतात आणि गिलावा फोडतात. माझ्या गवंड्यानं यावर "सिमेंटनं बंद करून टाकू" असा सल्ला दिला, मी ऐकला. दहा महिन्यांत गिलाव्याचे पापुद्रे पाहुण्यांच्या उशीवर पडायला लागले. भिंतीला श्वास कोंडून चालत नाही. जुना गिलावा दगडाच्या सांध्यांपर्यंत खरवडा आणि कोरड्या ब्रशनं क्षार झाडा. पाण्यानं धुवू नका, क्षार परत आत जातात. मग पूर्ण उन्हाळाभर भिंत उघडी वाळू द्या. त्यानंतर चुन्याचा किंवा मातीचा गिलावा करा आणि वर चुन्याचीच सफेदी द्या. प्लास्टिक रंग नको. पहिली दोन वर्षं थोडा लोणा परत येईल. दर दसऱ्याला झाडून एक हात मारायचा. आपली आजी दरसाल घर सारवायची, त्यातलाच हा प्रकार.

गोचीड

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. जनावरं गेली तरी गोचीड भिंतीच्या फटीत महिनोन्‌महिने उपाशी जगतो. एका रात्री पुण्याच्या एका पाहुण्याच्या पोटरीवर गोचीड निघाला आणि त्यानंतर ते कुटुंब पुन्हा आलं नाही. मी तरी काय सांगणार होतो?

दगडी भिंतीच्या सांध्यांतून ज्योत फिरवा. हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच, बाजूला पाण्याच्या बादल्या ठेवून. लाकडाजवळ, माळवदाच्या पाल्याजवळ ज्योत अजिबात नको. मग सगळे सांधे चुन्यानं भरा, भरपूर चुन्याची निवळी मारा आणि इमारत निदान एक उन्हाळा रिकामी ठेवा. कुत्री आणि कोंबड्या आत येऊ देऊ नका. पाहुण्यांच्या खोलीत कुत्रं झोपतं म्हणजे गोचीड परत आला.

माळवद की पत्रा

माळवद असेल तर तुम्ही नशीबवान. लाकडी तुळया, त्यांवर कड्या म्हणजे आडवी लाकडं, कड्यांवर काटक्या आणि पाला, आणि सगळ्यांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना आत पंख्यावर भागतं. पण माळवद हे पाळीव जनावरासारखं आहे, दरसाल त्याच्याकडं बघावंच लागतं. मृगाच्या आधी वर चढा, गवत मुळासकट उपटा आणि उंदरांची बिळं बुजवा. जिथं पाणी साठतं तिथं नवी पांढरी टाकून, शिंपडून, चोपून घ्या. उतार पन्हाळीकडं हवा. पन्हाळ भिंतीपासून दीड हात पुढं आलेली असावी, नाहीतर तिचं पाणी भिंतीच्याच बुडात मुरतं आणि लोण्याला निमंत्रण जातं.

काही जण माळवदावर सिमेंटचा कोबा करतात. वजन वाढतं, सिमेंट तडकतं आणि तडीतून गेलेलं पाणी खाली लाकडात अडकून बसतं. कोबा करण्यापेक्षा दरसाल दोन ब्रास माती परवडली. साणं, म्हणजे उजेडासाठीचं छतातलं भोक, बुजवू नका. त्यावर जाड काच चौकटीसकट बसवा. सकाळी साडेआठला त्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरतो आणि अकरापर्यंत भिंतीवरून सरकत जातो. आमच्या खोलीचे निम्मे फोटो त्याचेच निघतात.

पत्र्याचा गोठा असेल तर वरून पांढरा चुना आणि आतून एक फूट हवा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत. दोन्ही टोकांना हवा खेळती राहील अशी जाळी हवी. उसाचं पाचट पत्र्यावर टाकायची पद्धत आहे, शेतमजुरांच्या खोपीला ती ठीक. जिथं पाहुणे रात्री शेकोटी करतात तिथं नको.

छत झालं की थांबा. हस्ताचा पाऊस बघा. त्या पंधरवड्यात एक रात्र स्वतः आत झोपा, घोंगडी घेऊन. कुठं टपकतं, कुठून वारा शिरतो, बेडूक कुठल्या फटीतून येतो हे त्या रात्री कळतं.

संडास, पाणी, वीज

शहरातला माणूस गोठ्यात आनंदानं झोपेल, पण संडास खराब असेल तर रात्रीच गाडी काढेल. निम्मं बजेट इथं गेलं तरी हळहळू नका. संडास-न्हाणी मूळ गोठ्याच्या आत कोंबू नका, मागच्या अंगाला पडवी काढून तिथं करा. शोषखड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून निदान पन्नास फूट लांब. आणि तो मुरमापर्यंत न्या. काळ्या मातीत खड्डा घेतला तर पाणी मुरतच नाही, पावसाळ्यात उलटं वर येतं. न्हाणीचं पाणी कर्दळीला आणि केळीला सोडा.

बोअरचं पाणी जड असतं. गिझरची कॉइल वर्षभरात पांढऱ्या खडूनं भरते. आम्ही गिझर काढून बंब ठेवला. पाहुणे बंबाचे फोटो काढतात, पण पहाटे तो पेटवायला उठावं लागतं आपल्यालाच. प्यायला गाळलेलं पाणी माठात, आणि मागणाऱ्याला बंद बाटली.

विजेचं नीट समजून घ्या. शेतीपंपाच्या लाइनला दिवसातले ठरावीक तासच पुरवठा असतो, तोही कधी दिवसा, कधी रात्री. मुक्कामघराला त्यावर आकडा टाकू नका. ते बेकायदा आहे आणि व्होल्टेजनं पंखे जळतात. वेगळं मीटर घ्या, सोबत इन्व्हर्टर किंवा छोटं सोलर. बाहेरचे दिवे कमी वॅटचे, पिवळे आणि जमिनीकडं तोंड केलेले ठेवा. वस्तीवरचं चांदणं ही विकायची वस्तू आहे, हॅलोजन लावून ती मारू नका.

मुख्य रस्त्यापासून वस्तीपर्यंतच्या वाटेवर मुरूम टाका. नाहीतर एक सर पडली की पाहुण्यांची गाडी रुतते आणि सुट्टीची सुरुवात ट्रॅक्टरनं ओढण्यात होते. पोरांना ते फार आवडतं, बापाला नाही.

आत काय ठेवावं

गव्हाण पाडू नका. हे मी गवंड्याशी भांडून वाचवलं. आमच्या गव्हाणीची लाकडी कड बैलांच्या मानेनं घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झालीय. एका ठिकाणी खोल खळगा आहे, तो डाव्या बैलाचा. त्याला मान हलवायची खोड होती. गव्हाण आतून साफ करून, फळ्या टाकून, वर गादी घातली की बसायला लांबलचक बाक होतो. दोन खुंटे जागेवर ठेवले, त्यांवर आता पाहुण्यांच्या पिशव्या लटकतात.

खाट-पलंग साधे, गादी मात्र चांगली. पांघरायला सोलापुरी चादर. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती दुसऱ्या गावाची आणून घालणं म्हणजे पंढरपुरात जाऊन बुक्का बाहेरून मागवणं. जानेवारीत रात्री पारा बराच उतरतो, तेव्हा माणशी दोन चादरी आणि एक घोंगडी. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, खिडक्यांना जाळी. साप-विंचवाचा धोका लपवू नका. चपला झटकून घालायच्या, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, हे आल्याबरोबर सांगा. सरपण आणि कडब्याची गंज खोलीपासून लांब रचा. जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

शोभेचं बैलगाडीचं चाक, प्लास्टिकच्या कणसांच्या माळा, "गावरान" लिहिलेली पाटी हे सगळं टाळा. गोठा आधीच गोठा आहे, त्याला गावाचा वेश घालायची गरज नाही.

जेवण आणि हुरडा

जेवणाची यादी छोटी ठेवा आणि घरात जे होतं तेच द्या. ज्वारीची भाकरी, कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, पिठलं, काळ्या मसाल्याची आमटी, धपाटे, संक्रांतीच्या सुमारास शेंगापोळी. शेंगाचटणी उखळात कुटलेलीच, मिक्सरमधली कोरडी भुकटी नको. तेल सुटलं पाहिजे. पनीर मागणारे येतील. त्यांना फोनवरच नाही म्हणा.

हुरड्याचं नियोजन सप्टेंबरात होतं. पेरणीपासून हुरड्यावर यायला तीनेक महिने लागतात. म्हणून फुले मधुर किंवा गूळभेंडी ही हुरड्याची ज्वारी एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतरानं तीन तुकड्यांत पेरा. मग डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर दाणा दुधाळ-कोवळा मिळत राहतो. मालदांडी भाकरीसाठी राखा. पाखरं हुरड्यावर तुटून पडतात, राखणीला माणूस लागेल. गोफण कशी फिरवतात ते पाहुण्यांना शिकवा, मात्र गाडीच्या काचांपासून लांब.

आगटी गोवऱ्यांची करा आणि जाळ बसू द्या. कणसं आरात, म्हणजे निखाऱ्यांत, खोचायची, जाळावर नाही. भाजलेलं कणीस घोंगडीवर हातानं चोळून द्यायचं, ते काम घरच्या बाईचंच समजू नका. मला पहिल्या हंगामात तळहाताला फोड आले होते. हुरड्यासोबत गूळ, चटणी, दही. वर ताक.

पाहुण्यांना कुठं पाठवाल

पाहुण्यांना एका दिवसात पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर असं सगळं उरकायचं असतं. त्यांना थांबवा. एक दिवस देव, एक दिवस रान. नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे, पण माळढोक पक्षी दिसेल असं वचन देऊ नका, तो आता दुर्मीळ झालाय. काळविटांचे कळप दिसतात, माळ तर दिसतोच. थंडीत उजनी धरणाच्या पाणपसाऱ्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल बहुतेकांना माहीत नसतं. तिथं भीमा आणि सीनेचा संगम आहे आणि शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखांत तो गणला जातो. मुंबईचे एक काका तो लेख बोटानं हवेत गिरवत अर्धा तास उभे होते.

भाडं आणि नियम

पहिल्या हंगामात दर कमी ठेवून गर्दी करू नका. आधी ओळखीच्या दोन कुटुंबांना फुकट बोलवा आणि त्यांना तक्रारींची वही भरायला लावा. मग दर ठरवा. दरात माणशी जेवण, बंबाचं सरपण, धुलाई आणि घरच्या माणसांची मजुरी धरा. घरची मजुरी बहुतेक जण धरत नाहीत आणि फेब्रुवारीत घरात भांडणं लागतात. आगाऊ रकमेशिवाय तारीख अडवू नका. एका बुकिंगवाल्या कंपनीनं आमचे पैसे दोन महिने अडकवले, तेव्हापासून आम्ही थेट फोनवरच घेतो. दारूचं पहिल्याच बोलण्यात सांगून टाका, नंतर वाद नको. डीजे नाही म्हणजे नाही.

एप्रिल-मे आम्ही बंद ठेवतो. गाद्या उन्हात, चादरी ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून, भिंती उघड्या. आई त्या दोन महिन्यांत दुपारची तिथंच जाऊन झोपते, साण्याखाली.

बुकिंग झालं की आम्ही हा मजकूर पाठवतो, हवा तर उचला:

"राम राम. आपली खोली म्हणजे जुना गोठा आहे. एसी नाही, टीव्ही नाही, संडास स्वच्छ आणि कमोडचा आहे. शेवटचा एक किलोमीटर मुरमाचा रस्ता. पाऊस झाला असेल तर निघण्याआधी फोन करा. बंद बूट आणि बॅटरी आणा. रात्रीचं जेवण आठला, भाकरी किती लागतील ते दुपारी चारच्या आत कळवा. पहाटे मोर ओरडतात, त्याला आमचा इलाज नाही."